हाताने रंगवलेल्या लँटर्न स्लाइड आणि जपानचा किनारा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काचेवरची रंगीत दृश्ये पाहणाऱ्यांना, संग्रहात जपणाऱ्यांना आणि जुन्या पेटीत अचानक सापडल्यावर गोंधळून जाणाऱ्यांना जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः जपानच्या किनाऱ्यावरील आहेत, कारण ही कला तेथे फार उंचीला पोहोचली आणि रंग व वास्तव यांचे नाते तेथील काचपट्ट्यांवर, म्हणजेच या स्लाइडवर, विशेष स्पष्ट दिसते.

लँटर्न स्लाइड म्हणजे नेमके काय?

दिव्यासमोर धरून पडद्यावर मोठे करून दाखवायचे, काचेवरचे पारदर्शक चित्र म्हणजे लँटर्न स्लाइड. ब्रिटिश पद्धतीची पट्टी सव्वातीन इंच चौरस असे, तर अमेरिकन पट्टी सव्वातीन बाय चार इंचांची. एका काचेवर चित्र, त्यावर काळ्या कागदाची खिडकी, तिच्यावर संरक्षणासाठी दुसरी काच आणि चारही कडांना डिंक लावलेली कागदी पट्टी अशी तिची रचना असते. दिव्याचे यंत्र, म्हणजे मॅजिक लँटर्न, फोटोग्राफीपेक्षा पुष्कळ जुने आहे. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हॉयगन्स यांनी १६५९ च्या सुमारास त्यावर काम केले, आणि त्यानंतर जवळजवळ दोन शतके काचेवरची चित्रे केवळ कुंचल्याने काढली जात होती.

मग फोटो काचेवर कधी आला?

फिलाडेल्फियातील लँगेनहाइम बंधूंनी काचेवर पारदर्शक छायाचित्र उमटवण्याच्या पद्धतीचे पेटंट १८५० मध्ये घेतले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात अशी चित्रे मांडली. त्यांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर वापरला होता. पुढे कोलोडियन या चिकट द्रावणाचा आणि त्यानंतर जिलेटिनचा थर आला. रिचर्ड मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये सुचवलेली जिलेटिनची कोरडी पट्टी सुधारत जाऊन कारखान्यातून तयार मिळू लागली, तेव्हा एका निगेटिव्हवरून कितीही पट्ट्या छापणे सोपे झाले. हे सारे चित्र अर्थातच कृष्णधवल होते. रंग वरून, हाताने, एकेका पट्टीवर स्वतंत्रपणे द्यावा लागे, आणि म्हणूनच एकाच निगेटिव्हच्या दोन पट्ट्या कधीही तंतोतंत सारख्या नसतात.

जपानचाच किनारा का?

योकोहामा बंदर १८५९ मध्ये परदेशी व्यापाराला खुले झाले आणि जहाजाने येणाऱ्या प्रवाशांना आठवण म्हणून चित्रे हवी होती. छायाचित्रकार फेलिस बिआतो १८६३ मध्ये तेथे पोहोचले. त्यांच्या स्टुडिओतून हाताने रंगवलेली कागदी छायाचित्रे विकली जाऊ लागली. लाकडी ठशांच्या रंगीत चित्रांची परंपरा असलेल्या देशात पातळ, पारदर्शक रंग सफाईने पसरवणारे हात आधीच तयार होते. दिव्याच्या खेळाचीही तेथे स्वतःची परंपरा होती. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, १८०३ मध्ये कामेया तोराकु यांनी सुरू केलेला ‘उत्सुशि-ए’ हा रंगवलेल्या काचांचा खेळ लोकांच्या चांगला परिचयाचा होता. फोटोग्राफी, रंगकाम आणि दिव्याचा खेळ या तीन गोष्टी एकाच ठिकाणी जमल्या, आणि परदेशी गिऱ्हाईकही दारात उभे होते.

काचपट्ट्यांच्या बाबतीत सर्वात आदराने घेतले जाणारे नाव एनामी नोबुकुनी यांचे. त्यांचा जन्म १८५९ चा. छायाचित्रकार ओगावा काझुमासा यांच्या हाताखाली शिकून त्यांनी १८९२ मध्ये योकोहामाच्या बेन्तेन-दोरी रस्त्यावर स्वतःचा स्टुडिओ उघडला. १९२३ च्या भूकंपात तो उद्ध्वस्त झाला आणि पुन्हा उभा राहिला. एनामी १९२९ मध्ये वारल्यानंतर मुलाने काम पुढे नेले, आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत स्टुडिओ कायमचा संपला. कोबे बंदरात ताकागी तेइजिरो यांचाही याच प्रकारचा व्यवसाय होता.

किनाऱ्यावरची कोणती स्थळे पुन्हा पुन्हा दिसतात?

मियाजिमा बेटावरील इत्सुकुशिमा मंदिराचे समुद्रात उभे असलेले तोरण, म्हणजे लाकडी प्रवेशकमान, सर्वांत प्रसिद्ध. आजचे तोरण १८७५ मध्ये उभारलेले आहे. कापराच्या झाडाचे दोन अवाढव्य बुंधे हे त्याचे मुख्य खांब. ते जमिनीत पुरलेले नाहीत. वरच्या पोकळ तुळईत दगड भरून दिलेल्या भारावर आणि स्वतःच्या वजनावर सुमारे सोळा मीटर उंचीची ती रचना उभी आहे. भरतीला ती पाण्यात असते, ओहोटीला तिच्यापर्यंत चालत जाता येते.

त्याखालोखाल एनोशिमा हे वाळूच्या दांड्याने किनाऱ्याशी जोडले जाणारे बेट, मागे फूजी पर्वत. इसे उपसागराकाठच्या फुतामीगाउरा येथील ‘मेओतो इवा’ हे जोड-खडक, ज्यांना पती-पत्नी मानतात आणि ज्यांच्यामध्ये भाताच्या पेंढ्याचा जाड दोर बांधलेला असतो. आणि समुद्रापासून जवळच असलेली कामाकुराची कांस्य बुद्धमूर्ती, जी तेराव्या शतकात ओतली गेली आणि भोवतीचे मंदिर पंधराव्या शतकाच्या अखेरीस नष्ट झाल्यापासून उघड्यावर आहे.

काचेवर रंग देत तरी कसे?

रंगवणारा उतरत्या मेजावर बसवलेल्या काचेवर पट्टी ठेवी. खाली पांढरा कागद किंवा आरसा असे, म्हणजे खिडकीतला उजेड पट्टीतून वर येई आणि रंग पडद्यावर दिसेल तसाच कामाच्या वेळीही दिसे. जिलेटिनचा थर ओलसर केला की तो पाण्यात विरघळणारा रंग शोषून घेतो, म्हणून अगदी फिका हात देऊन, टिपकागदाने टिपून, पुन्हा दुसरा हात द्यायचा, अशी पद्धत होती. एकदम गडद रंग दिला तर त्याची कड बसते आणि ती निघत नाही. युरोपात वार्निशमध्ये कालवलेले तैलरंगही वापरत. आकाश रंगवताना कुंचल्याचे फटकारे दिसू नयेत म्हणून ओल्या रंगावर बोटाचे टोक हलके टेकवत टेकवत तो एकजीव करत असत. काही जुन्या पट्ट्यांवर भिंगाखाली त्या बोटाच्या रेषा अजून ओळखू येतात, आणि नाव न उरलेल्या माणसाची ती सही मानायला मला काहीच हरकत वाटत नाही.

या कामातली सर्वांत कडक अट पारदर्शकतेची. प्रशियन निळा, ‘लेक’ नावाचा गुलाबी-लाल रंग, गँबोज या झाडाच्या डिंकाचा पिवळा आणि १८५६ नंतर आलेले ॲनिलीनचे कृत्रिम रंग चालत, कारण त्यांतून प्रकाश आरपार जातो. हिंगूळ कागदावर कितीही तेजस्वी दिसला तरी काचेवर तो प्रकाश अडवतो आणि पडद्यावर काळपट डाग पडतो. पांढरा रंगही असाच निरुपयोगी. पडद्यावरचा पांढरा म्हणजे रिकामी काच. त्यामुळे लाटेचा फेस किंवा शिडाची उजळ कड दाखवायची तर रंग टाळावा लागे, नाहीतर सुईने खरवडून काढावा लागे.

आणि हे सारे तळहातात मावणाऱ्या चित्रावर. बारा फुटांच्या पडद्यावर ते सुमारे पन्नास पट मोठे होई, म्हणजे तोरणाच्या कडेबाहेर अर्धा मिलिमीटर गेलेला रंग प्रेक्षकांना इंचभर ओघळलेला दिसे. चांगल्या जपानी पट्टीवर मासेमाराच्या टोपीचा आणि अंगरख्याचा रंग वेगळा असतो, आणि ती आकृती काचेवर तांदळाच्या दाण्याहून मोठी नसते.

हे रंगकाम कोण करत असे?

बहुतेक पट्ट्यांवर फक्त विक्रेत्याचे किंवा व्याख्यात्याचे नाव असते. स्टुडिओत अनेक रंगकामगार मेजावर ओळीने बसत आणि काम वाटून घेत. कधी कधी मात्र नाव उरते. कुसाकाबे किम्बेई यांनी बिआतो यांच्याकडे रंगकाम केले आणि पुढे योकोहामात स्वतःचा नामांकित स्टुडिओ काढला. अमेरिकेत छायाचित्रकार फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन यांच्या बागांच्या पट्ट्या ग्रेस स्मिथ अँडरसन यांनी रंगवल्याची नोंद आहे, आणि ब्रॅन्सन डिको या प्रवासी व्याख्यात्याच्या पट्ट्या डिको यांनी स्वतः व त्यांच्या पत्नीने रंगवल्या. संग्रहाच्या सूचीत छायाचित्रकाराबरोबर ‘रंगकाम : अज्ञात’ अशी नोंद तरी अवश्य असावी, असे मला ठामपणे वाटते. ती जागा सूचीत ठेवलीच नाही, तर पुढे नाव सापडले तरी ते लिहायचे कोठे, हे कोणाला सुचणार नाही.

पट्टीवरचा रंग खरा मानावा का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. उत्तर असे की, प्रत्येक पट्टीवर दोन साक्षीदार असतात आणि त्यांची उलटतपासणी वेगवेगळी करावी लागते. खालचा चांदीचा थर, म्हणजे मूळ कृष्णधवल छायाचित्र, कॅमेऱ्यासमोर जे होते ते सांगतो. वरचा रंग स्टुडिओत बसलेल्या माणसाचा निर्णय सांगतो. तो माणूस त्या किनाऱ्यावर गेला असेलच असे नाही. कधी त्याच्यापुढे नमुन्याची पट्टी असे, कधी गिऱ्हाइकाची आवड.

मात्र चांदीचा थरही रंगांच्या बाबतीत निर्दोष नसतो. सुरुवातीच्या प्रकाशसंवेदी थरांवर निळ्या उजेडाचा परिणाम फार होई आणि लाल उजेडाचा जवळजवळ होतच नसे. म्हणून ढगांनी भरलेले आकाश कोरे पांढरे उतरे आणि लाल वस्तू जवळजवळ काळी. हेरमान फोगेल यांनी १८७३ मध्ये विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून थराला हिरव्या-पिवळ्या उजेडाची जाणीव करून देण्याचा मार्ग शोधला. लाल उजेडही टिपणाऱ्या पट्ट्या १९०६ पासून बाजारात आल्या. रंगवणाऱ्याच्या हाती मात्र बहुधा कोरे आकाश आणि काळवंडलेले लाकूडच येई. कोऱ्या आकाशात तो हवे ते करू शके, आणि त्याने ते केलेही : क्षितिजाशी गुलाबी, वर आकाशी, मध्ये पिवळसर झाक. काळ्या खांबावर मात्र त्याचे काही चालत नसे. जेथे चांदी दाट आहे तेथे पारदर्शक लाल दिला तरी प्रकाश बाहेर येत नाही. रंग उजळ आणि मध्यम छटांतच बोलतो.

म्हणून इत्सुकुशिमाचे तोरण एका पट्टीवर तपकिरी आणि दुसरीवर शेंदरी दिसले, तर त्यावरून त्या त्या वर्षी लाकडाला कोणता रंग दिला होता हे ठरवू नये. त्याच पट्टीवर खांबांची जाडी, आधाराच्या चार पायांचा कल, पाण्याची पातळी आणि मागच्या डोंगरावरची झाडी हे सारे भरवशाचे आहे.

एक तपासणी स्वतः करून पाहण्यासारखी आहे. फुतामीगाउराच्या पट्टीवर दोन खडकांच्या मधोमध लाल सूर्यबिंब असते, कारण उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास सूर्य खरोखरच त्या फटीतून उगवतो आणि यात्रेकरू तेच पाहायला जातात. आता खडकांची आपल्या बाजूची अंगे पाहावीत. सूर्य खरोखर मागे असता तर ती अंगे अंधारात गेली असती. खडकावरच्या भेगा आणि दोराचे पीळ स्वच्छ मोजता येत असतील, तर उजेड कॅमेऱ्याच्या बाजूने आलेला आहे आणि सूर्य कुंचल्याने उगवलेला आहे. याला खोटेपणा म्हणणे मला योग्य वाटत नाही. यात्रेकरू ज्या दृश्यासाठी पहाटे उठून तेथे जातो, ते रंगवणाऱ्याला ठाऊक होते.

चांदण्यातली दृश्ये खरोखर रात्री काढलेली आहेत का?

जवळजवळ कधीच नाहीत. दिवसाच्या निगेटिव्हवरून जरा गडद पट्टी छापून तिच्यावर सर्वत्र निळा हात दिला जाई, चंद्रबिंब मोकळे सोडले जाई आणि खिडक्यांत किंवा होडीतल्या कंदिलात पिवळा ठिपका भरला जाई. दोन लँटर्नच्या साहाय्याने एक दृश्य विरत असताना दुसरे उमटवण्याची सोय असे, त्यामुळे तेच बंदर प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत दिवसाचे रात्र होई. सावल्या लांब आणि धारदार असतील तर त्या उन्हाच्याच.

हाताने रंगवलेली पट्टी आणि ऑटोक्रोम यांत फरक कसा ओळखावा?

दहापट भिंगातून पाहावे. ल्युमिएर बंधूंच्या १९०७ पासून विकल्या गेलेल्या ऑटोक्रोम या रंगीत छायाचित्राच्या पट्टीत नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगाच्या बटाट्याच्या पिठूळ कणांचा दाणेदार थर सर्वत्र दिसतो, अगदी सावलीतही. हाताने रंगवलेल्या पट्टीत रंग सलग असतो, कडेला थोडा पुढेमागे होतो आणि काही भाग मुद्दाम बिनरंगाचा सोडलेला असतो. दगडी छपाईची रंगीत चित्रे काचेवर उतरवलेलीही मिळतात. त्यांत चांदीचे छायाचित्र मुळीच नसते.

पट्टीचा काळ कसा ठरवावा?

चौकटीवरच्या लेबलापेक्षा दृश्यातल्या वस्तूंवर अधिक विश्वास ठेवावा. एनोशिमाकडे जाणारा लाकडी पूल दिसत असेल तर निगेटिव्ह १८९१ नंतरचे, कारण पहिला पूल त्या वर्षी झाला. त्याआधी लोक ओहोटीला वाळूवरून जात. मात्र निगेटिव्हचे वय आणि पट्टीचे वय एक नसते. खपणारे दृश्य स्टुडिओ वर्षानुवर्षे छापत राहत, आणि एका स्टुडिओची निगेटिव्ह दुसऱ्याने विकत घेऊन आपल्या नावाने विकणे हा त्या व्यापाराचा रिवाजच होता.

कोपऱ्यातला गोल ठिपका कशासाठी असतो?

चित्र सुलट धरल्यावर तो बहुधा खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो. यंत्रात पट्टी उलटी सरकवावी लागते, तेव्हा तो वर उजवीकडे, चालकाच्या अंगठ्याखाली येतो. अंधारात चाचपून काम करणाऱ्याला तेवढी खूण पुरे. हा ठिपका डावी-उजवी बाजू ठरवायलाही उपयोगी पडतो, आणि तो न पाहिल्यामुळे उलट्या छापलेल्या किनाऱ्यांची संख्या इंटरनेटवर कमी नाही.

त्या काळच्या प्रेक्षकांना रंग आजच्यासारखेच दिसत होते का?

नाही. रॉकेलच्या दिव्याचा उजेड पिवळा असतो, त्यात निळा मंदावतो आणि समुद्र हिरवट होतो. चुन्याच्या कांडीवर ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत सोडून मिळणारा लाइमलाइट अधिक पांढरा होता, आणि पुढे विजेचा कार्बन-दिवा आला. आजच्या एलईडी पटावर एखादे आकाश फारच भडक वाटले, तर ते पिवळ्या उजेडासाठी जाणूनबुजून गडद केलेले असू शकते.

या कलेचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

जपानी पट्ट्यांशी थेट नाही, पण काचेवरच्या रंगकामाशी निश्चित आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘शांबरिक खरोलिका’ हा खेळ उभा केला. हाताने रंगवलेल्या काचा भराभर बदलून ते रामायण-महाभारतातील पात्रे पडद्यावर हालती करत, आणि त्यांच्या मुलांनी हे खेळ पुढे चालवले. ल्युमिएरांचे चलच्चित्र मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखवले गेले, त्याच्याही आधीची ही गोष्ट आहे. याशिवाय ब्रिटिश वसाहत कार्यालयाच्या समितीसाठी ह्यू फिशर या चित्रकाराने १९०७ ते १९१० या काळात भारतासह अनेक देशांत फिरून छायाचित्रे काढली. त्यांच्या लँटर्न स्लाइड शाळांतील व्याख्यानांत दाखवल्या जात.

कोकणात किंवा मुंबईत अशा पट्ट्या कशा जपाव्यात?

खरा शत्रू दमट हवा. जिलेटिन पाणी ओढते, मऊ पडते आणि त्यावर बुरशी धरते. बुरशी रंग आणि चांदी दोन्ही खाते. सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखता आली तर उत्तम. घरी ते जमत नसेल, तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या पावसाळ्यात वरचेवर बदलाव्यात. प्रत्येक पट्टी आम्लमुक्त कागदाच्या वेगळ्या घडीत, कडेवर उभी ठेवावी. एकीवर एक आडव्या रचल्या तर वजनाने खालच्या तडकतात. हाताळताना हातमोजे घालावेत आणि पट्टी कडांनी धरावी.

कडेची कागदी पट्टी शाबूत असेल तरच बाहेरची काच अगदी किंचित ओलसर मऊ कापडाने पुसावी. कडा सुटली असेल तर पाणी आत शिरते. चित्राच्या बाजूला पाणी, स्पिरिट किंवा घरातले काच पुसायचे द्रावण कधीही लावू नये, कारण पाण्यात विरघळणारा रंग एका पुसण्यात जातो. सुटलेल्या कडेला सेलोटेप लावू नये. जुन्या प्रोजेक्टरच्या तापलेल्या दिव्यासमोर मूळ पट्टी धरण्याचा मोहही टाळावा.

स्कॅन करताना कोणती काळजी घ्यावी?

खालून सारखा पांढरा उजेड देणाऱ्या पटावर पट्टी ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपणे हे सपाट स्कॅनरपेक्षा चांगले. एक छायाचित्र आरपार उजेडाचे घ्यावे आणि दुसरे बाजूने तिरका उजेड टाकून. दुसऱ्यात रंगाचा थर, खरवडलेल्या जागा आणि बोटांचे ठसे उठून दिसतात. काळी चौकट, लेबल आणि ठिपका कापून टाकू नयेत. फिकट झालेला गुलाबी रंग संगणकावर ‘सुधारायचा’ असेल तर तो वेगळ्या प्रतीवर सुधारावा आणि तसे लिहून ठेवावे. मूळ प्रतीच्या शेजारी रंगपट्टी ठेवून टिपले तर वीस वर्षांनी रंग आणखी किती उडाला हे ताडता येते.

अशी चित्रे कोठे पाहायला मिळतील?

नागासाकी विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जपानच्या जुन्या, बऱ्याचशा रंगवलेल्या छायाचित्रांचा शोधता येणारा संग्रह इंटरनेटवर खुला ठेवला आहे. ती कागदी छायाचित्रे आहेत, पण त्याच स्थळांच्या काचपट्ट्यांशी ताडून पाहायला त्यांच्याइतके उपयोगी दुसरे साधन नाही. ब्रॅन्सन डिको यांच्या सुमारे १०,००० पट्ट्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील ग्रंथालयात आहेत, तर फिशर यांची छायाचित्रे केंब्रिज विद्यापीठ ग्रंथालयात. एकच दृश्य दोन-तीन ठिकाणच्या रंगांत शेजारी शेजारी उघडून पाहावे आणि आधी जुळणाऱ्या गोष्टींची यादी करावी. जे जुळत नाही ते बहुतेक वेळा रंगवणाऱ्याचे असते.